विदेशी पाळीव प्राण्यांचा निवारा काढायचा तर…

मॅकाव पोपट, इग्वाना सरडा, बॉल पायथन अजगर, स्लायडर कासव हौसेने घरी येतात आणि वर्ष-दोन वर्षांत नकोसे होतात. अशा प्राण्यांसाठी निवारा सुरू करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही तिघे मित्र आहोत. नाशिकजवळ वीस गुंठे जागा आहे. परवानगी कोणाची लागते आणि सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

जागा आहे हे चांगलेच, पण सुरुवात यादीपासून करा. कोणते प्राणी घेणार यावर कायदा ठरतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या, म्हणजे साइटिस करारातल्या प्रजाती आता या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून प्राणी बाळगणाऱ्यांना २८ ऑगस्ट २०२४ पर्यंत मुदत होती. नवा प्राणी ताब्यात आला तर तीस दिवसांत नोंद करायची. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी कळवावे लागते.

सर्व मॅकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, काकाकुवा, सन कोन्युर पोपट, इग्वाना, बॉल पायथन, सुल्काटा कासव, मार्मोसेट माकड हे सगळे या यादीत येतात. बजरीगर, कॉकटेल (कॉकटिएल) पोपट, पीच-फेस्ड लव्हबर्ड, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, शुगर ग्लायडर, रेड-इअर्ड स्लायडर येत नाहीत. फोनवर कोणी "लव्हबर्ड आहेत" म्हटले तर आधी फोटो मागवा. आपल्याकडे बजरीगरलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात आणि फिशर्स लव्हबर्डलाही. पहिल्याला नोंदणी नाही, दुसऱ्याला आहे.

दुसरा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. कायद्यातल्या 'प्राणिसंग्रहालया'च्या व्याख्येत लोकांना न दाखवली जाणारी बचाव केंद्रेही धरली आहेत, आणि प्राणिसंग्रहालय चालवायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. म्हणून पाटी लावण्याआधी प्रजातींची यादी, जागेचा नकाशा आणि पशुवैद्यकाचे संमतिपत्र जोडून नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षक कार्यालयाला लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या. "साहेब हो म्हणाले" याला पुढे काही किंमत राहत नाही.

आमचा सल्ला असा, की पहिली दोन वर्षे चौथ्या अनुसूचीबाहेरचेच प्राणी घ्या. ससे, गिनीपिग, बजरीगर, कॉकटेल आणि स्लायडर एवढ्यांनीच वीस गुंठे भरून जातील. त्यांच्यावर नोंदी, स्वच्छता आणि उपचारांची घडी बसली, की मग मॅकावचा विचार.

संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवा किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी काढा. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून ८०जी घ्या. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीवर पहिल्या दिवसापासून भिस्त ठेवू नका, कारण त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या कामाची नोंद मागतात. जमीन शेतीची असेल तर बांधकामाआधी बिगरशेतीचे पाहा. आणि शेजारी पोल्ट्री असेल तर पक्ष्यांचा निवारा तिथे नकोच. बर्ड फ्लू निघाला की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघात कोंबड्या-बदके मारली जातात, आणि त्या परिघातल्या तुमच्या पक्ष्यांवरही टांगती तलवार राहते.

शेजारच्या आजींनी पंधरा वर्षे पाळलेला हिरवा पोपट आणि एक चांदणीच्या नक्षीचे कासव आम्हाला देऊ केले आहे. घ्यावे का? (सातारा)

नाही. ते विदेशी नाहीत. लाल कंठाचा पोपट, करण पोपट, मुनिया, डोंगरी मैना, तारांकित कासव हे सगळे देशी आणि संरक्षित आहेत. पाळणे हाच गुन्हा. अशा प्राण्याचा ताबा आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट या १९२६ क्रमांकावर आजींनाच फोन करू द्या आणि त्या वेळी त्यांच्यासोबत बसा. पंधरा वर्षे पिंजऱ्यात काढलेला पोपट "मोकळा केला" म्हणून आंब्यावर सोडून देऊ नका. त्याला दाणा शोधता येत नाही आणि कावळे त्याला संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवत नाहीत.

विलगीकरणाची खोली खरेच हवी का? जागा कमी आहे, कोपऱ्यात पिंजरा ठेवला तर चालेल का? (पुणे)

चालणार नाही. सगळ्यात आधी बांधायची खोली हीच. पैसे एकाच खोलीपुरते असतील तर हीच बांधा आणि बाकीचे प्राणी वर्षभर स्वयंसेवकांच्या घरी ठेवा.

खोलीची हवा वेगळी हवी. एकाच छताखाली लाकडी फळीचे पार्टिशन घालणे म्हणजे विलगीकरण नव्हे. पोपटांचा क्लॅमिडिया हा जिवाणूंचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून पसरतो. एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या बाजूला आणि इतर पिंजऱ्यांपासून दूर तोंड करून बसवा. फरशी धुता येणारी, भिंतीला कंबरेपर्यंत टाइल, हात धुवायचे बेसिन आतच. झाडू, बादली, खाण्याच्या वाट्या, चपला या खोलीच्या वेगळ्या. त्यांना लाल रंगाचा पट्टा मारा म्हणजे चुकून बाहेर जात नाहीत.

मुदत पोपटवर्गीय पक्ष्यांना ४५ दिवस, सरपटणाऱ्यांना ९० दिवस, ससे-गिनीपिगना १४ ते २१ दिवस. इथे सगळे चुकतात ते असे: विसाव्या दिवशी आणखी एक कॉकटेल येतो आणि तोही त्याच खोलीत ठेवला जातो. तसे केले तर सगळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ते परवडत नसेल तर एकाऐवजी दोन छोट्या खोल्या करा.

तपासण्यांत पोपटांसाठी क्लॅमिडिया आणि पीबीएफडी (चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार) या दोन पीसीआर चाचण्या आवश्यक धरा. क्लॅमिडियावर पशुवैद्यक डॉक्सिसायक्लिनचा ४५ दिवसांचा कोर्स देतात. पक्षी दहाव्या दिवशी टुणटुणीत दिसू लागतो आणि लोक औषध थांबवतात, मग आजार उलटतो. त्या काळात कॅल्शियमचे पूरक आणि कटलबोन काढून ठेवा, कारण कॅल्शियममुळे हे औषध नीट शोषले जात नाही. पीबीएफडीवर औषध नाही आणि त्याचा विषाणू धुळीत फार काळ टिकून राहतो. म्हणूनच तो मुख्य पक्षीघरात शिरता कामा नये.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, पण काटा आधी सांगतो. वजन दहा टक्के घटले तर त्याच दिवशी डॉक्टर. सापांत पाण्याच्या वाडग्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक परजीवी. म्हणून विलगीकरणात खाली फक्त साधे वर्तमानपत्र अंथरा. भुसा-माती असेल तर हे ठिपके दिसतच नाहीत.

कामाचा क्रम कधी बदलू नका: आधी निरोगी प्राणी, मग म्हातारे आणि अशक्त, शेवटी विलगीकरण. कोरडा झाडू बंद. फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरत असाल तर आधी साबणाने घासा, कारण विष्ठा चिकटलेली असेल तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. धुतलेल्या जागी पातळ ब्लीच दहा मिनिटे राहू द्या, मग पाण्याने साफ करा आणि वास गेल्यावरच पक्षी आत आणा.

आणि माणसांचे. क्लॅमिडिया माणसालाही होतो. पक्ष्यांकडे काम करणाऱ्या कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना "मी पोपटांत काम करतो" हे वाक्य सांगायलाच हवे. ते सांगितले नाही तर साधा न्यूमोनिया समजून भलतीच औषधे दिली जातात.

आठवड्याला दोन-तीन फोन स्लायडर कासवांचे येतात. किती घ्यावीत, टाकी किती मोठी लागेल? (ठाणे)

दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे मिळणारे हे कासव, त्याची मादी २५ ते ३० सेंटीमीटरची होते आणि तीस वर्षे जगते. हिशोब असा धरा: पाठीच्या दर इंच लांबीला ४० लिटर पाणी. दहा इंची मादीला ४०० लिटर. दहा माद्यांना ४,००० लिटर, म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर पाण्याचे कुंड. त्यापुढचे अकरावे कासव नाकारायचे किंवा दुसरे कुंड बांधायचे.

उघड्यावरच्या कुंडाचा मोठा फायदा म्हणजे ऊन फुकट मिळते. घरातल्या काचेच्या टाकीतली बहुतेक कासवे मऊ पाठीची येतात, कारण खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण आत येत नाहीत आणि मालकाला वाटते ऊन तर पडते आहे. कुंडाचा एक भाग कोरडा, दिवसातून काही तास थेट उन्हाचा ठेवा, दुसऱ्या भागावर सावली. आत ठेवावेच लागले तर यूव्हीबी ट्यूब कासवापासून साधारण ३० सेंटीमीटरवर, मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक नको, आणि वर्षाच्या आत ट्यूब बदला. ती पेटत राहते पण यूव्हीबी संपलेले असते.

पाणी गढूळ होण्याचे खरे कारण खाणे. कासवांना वेगळ्या टबात काढून अर्धा तास खायला घाला, मग परत सोडा. फिल्टरवरचा भार निम्मा होतो. पंप तासाला निदान एकदा सगळे पाणी फिरवेल एवढा घ्या. मोठ्या कासवाला नुसती वाळलेली कोळंबी देऊ नका. त्याने अ जीवनसत्त्व कमी पडते, डोळे सुजून बंद होतात आणि न दिसल्याने ते खाणेच सोडते. नाळीची भाजी, शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस हे मुख्य. दाणेदार खाद्य आठवड्यात दोन-तीनदा.

नर-मादी वेगळे ठेवा. नराची पुढची नखे लांब आणि शेपूट जाड असते. नर नसला तरी मादी अंडी घालते, म्हणून ३० सेंटीमीटर खोल ओलसर वाळूचा वाफा हवाच. तो नसेल तर अंडी पोटात अडकून मादी मरते. अंडी त्याच दिवशी काढून फ्रीजरमध्ये टाका. निवाऱ्यात पिल्ले होऊ देणे म्हणजे ज्या कारणासाठी निवारा काढला त्याच्याच उलट वागणे.

ठाण्यात मुख्य धोका पावसाळ्याचा. कुंड भरून वाहिले की कासवे नाल्यात जातात आणि देशी कासवांच्या जागा बळकावतात. कठड्याची उंची पाण्यापासून ४५ सेंटीमीटर, वरची कड आत झुकलेली, जादा पाण्याच्या नळाला जाळी. वरूनही जाळी ठेवा. कावळे, घारी, मुंगूस आणि कुत्री चारही येतात.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हिवाळ्यात रात्री दहाच्या खाली. वीजही जाते. इग्वाना आणि साप कसे सांभाळावेत? (नागपूर)

लोक थंडीचा विचार करतात, पण विदर्भात प्राणी उन्हाळ्यात जास्त दगावतात. इग्वानाला उन्हात बसायची जागा ३५ ते ३८ अंश लागते, पण शेजारी २७-२८ अंशांचा कोपरा हवाच. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७. पूर्ण खोलीच चाळीसवर गेली तर प्राण्याला जायला जागा उरत नाही. छताला पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीबाहेर ७५ टक्क्यांची शेडनेट आणि डेझर्ट कूलर एवढ्याने नागपुरात काम होते, कारण हवा कोरडी असते. तीच युक्ती रत्नागिरीत निरुपयोगी. तिथे कूलरने फक्त दमटपणा वाढतो. सशांना ३० अंशांपुढेच त्रास सुरू होतो. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिंजऱ्यात ठेवा आणि दुपारी बदला.

हिवाळ्यासाठी सिरॅमिक हीटर लावा, त्याला जाळीचे कवच आणि थर्मोस्टॅट हवाच. गरम होणारे दगड घेऊ नका. सरपटणाऱ्यांना पोटाखालच्या चटक्याची जाणीव नीट होत नाही आणि कातडी जळेपर्यंत ते बसून राहतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर प्राणी जिथे बसतो तिथे घट्ट चिकटवा. तो घसरून थंड फरशीवर पडला तर हीटर बंदच होत नाही.

बॅटरीचा हिशोब करून पाहा. शंभर वॅटचे दहा हीटर चार तास चालवायचे तर चार युनिट वीज. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, हाती पडतात सव्वा युनिटच्या आसपास. म्हणजे निदान चार बॅटऱ्या. त्यापेक्षा पिंजऱ्यांच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावा, सगळे सरपटणारे एका लहान खोलीत आणा आणि वीज गेल्यावर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या फडक्यात गुंडाळून ठेवा. उष्णता नसेल त्या दिवशी खायलाही घालू नका. शरीर थंड असेल तर अन्न पचत नाही, पोटातच कुजते.

इग्वानाला पालक नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकते. शेवगा, जास्वंदीची पाने-फुले, लाल भोपळा चालतो. मांस किंवा अंडे कधीच नाही.

गावातले डॉक्टर गाई-म्हशी बघतात. विदेशी प्राण्यांचे डॉक्टर जवळ नाहीत. काय करावे? (लातूर)

नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय निवारा सुरूच करू नका. गावातले डॉक्टर प्रथमोपचार करतील आणि मुंबई किंवा पुण्यातले पक्षी-सरपटणाऱ्यांचे जाणकार व्हिडिओवर सल्ला देतील, अशी जोडी लेखी ठरवा. कोणाला किती वाजेपर्यंत फोन करायचा आणि फी किती, हेही त्यात लिहा. औषधांच्या कपाटावर मात्र ठळक अक्षरांत एक कागद चिकटवा, कारण गुरांसाठी रोजची असलेली काही औषधे इथे जीव घेतात. कासवाला आयव्हरमेक्टिन द्यायचे नाही. सशावर फिप्रोनिलचा फवारा मारायचा नाही. ससा आणि गिनीपिगला तोंडातून अमॉक्सिसिलिन नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि दोन-तीन दिवसांत प्राणी जातो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचे नाही. बारा तास न खाल्लेला ससा ही आणीबाणी समजा, "उद्या बघू" नव्हे. गिनीपिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. रोज ढोबळी मिरची किंवा पेरू द्या.

डोस मिलिलिटरच्या दशांशात असतात. एक मिलिलिटरच्या सिरिंज भरपूर ठेवा आणि वजनावरून काढलेला डोस दोघांनी तपासावा.

पिंजऱ्यांसाठी कोणती जाळी घ्यावी? आमच्याकडे दोन कॉकटेल नव्या पिंजऱ्यात टाकल्यावर आठवड्यात आजारी पडले. (कोल्हापूर)

जस्ताची विषबाधा असण्याची शक्यता आधी तपासून घ्या. एक्स-रे आणि रक्ततपासणीतून कळते. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे कण आणि ओघळ असतात, पक्षी ते चोचीने खरवडून खातात. पाणचट हिरवी विष्ठा, उलटी, तोल जाणे ही लक्षणे. बजेट असेल तर स्टेनलेस स्टील. नसेल तर गॅल्व्हनाइज्ड जाळी व्हिनेगरने तारेच्या ब्रशने घासा, धुवा आणि महिनाभर उन्हापावसात राहू द्या. धोका कमी होतो, संपत नाही. बजरीगरला बारा मिलिमीटरची फट पुरे. मॅकावला जाड, १० ते १२ गेजची तार, बारीक तार तो सहज तोडतो. स्वयंपाकघर पक्षीघराला लागून असेल तर नॉनस्टिक भांडी हद्दपार करा. तवा जास्त तापला की निघणाऱ्या वायूने काही मिनिटांत सगळे पक्षी मरू शकतात.

प्राणी दत्तक देताना काय अटी घालाव्यात? लोक म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर कोणी नेणारच नाही. (पनवेल)

कमी लोक नेतील, हे खरे. पण नको असलेला प्राणी सहा महिन्यांनी परत आला तर त्याला पुन्हा विलगीकरण, पुन्हा चाचण्या. प्राणी सोडून जाणाऱ्याकडून ओळखपत्राची प्रत, परिवेश नोंदणी, पायातल्या रिंगचा किंवा मायक्रोचिपचा क्रमांक आणि मालकी सोडल्याचे सहीचे पत्र घ्या. नेणाऱ्याचा पिंजरा आधी प्रत्यक्ष पाहा, फोटोवर जाऊ नका. ससे नसबंदी करूनच द्या. मादी प्रसूतीनंतर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते आणि नर नसबंदीनंतरही चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा लागतो. प्राणी विकायचा, प्रजननाला वापरायचा किंवा तिसऱ्याला द्यायचा नाही, नको झाला तर आमच्याकडेच परत, हे करारात असू द्या. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगतो. साठीतल्या माणसाला देताना पुढे कोण सांभाळणार त्याचीही सही घ्या.

तुमच्या क्षमतेच्या ऐंशी टक्केच जागा भरा. उरलेली वीस टक्के आजारी आणि परत आलेल्यांसाठी. सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा नसेल तर नवा प्राणी घेणे थांबवा.

तिकीट लावून लोकांना निवारा दाखवला तर खर्च निघेल का? (छत्रपती संभाजीनगर)

नको. लोकांना दाखवले की प्राणिसंग्रहालयाचे सगळे निकष लागू होतात. मार्मोसेटसारख्या माकडांना तर माणसाच्या ओठावर उठणाऱ्या जराचा (हर्पीसचा) विषाणू जीवघेणा ठरतो. मुलांच्या हातात कासव देणेही बंद करा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो. आणखी एक खबरदारी: मांसाहारी प्राण्यांना बाजारातले कच्चे चिकन सर्रास घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले होते.

आमच्या गावतळ्यात कोणीतरी सोडलेले स्लायडर दिसतात. आम्ही पकडून निवाऱ्यात आणू का? (सांगली)

परस्पर जाळे टाकू नका. तळ्यात देशी कासवेही असतात, ती अडकली तर तुम्हीच अडचणीत. वन विभागाला कळवून त्यांच्यासोबत करा. कासव फुफ्फुसाने श्वास घेते, मासेमारीच्या जाळ्यात पाण्याखाली राहिले तर बुडून मरते. म्हणून उन्हाला चढून बसायच्या फळीचा तरंगता सापळा वापरतात, त्यात पडलेले कासव पाण्यावर डोके काढू शकते. सापळा रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचा. ओळखताना कानामागच्या लाल पट्ट्यावर विसंबू नका. म्हाताऱ्या नरांत तो काळवंडतो, आणि छपरासारखी कंगोरेदार पाठ असलेल्या देशी कासवांच्या डोक्यावरही लालसर-नारिंगी खूण असते. मोठ्या स्लायडरची पाठ गुळगुळीत, मधली कड नसलेली आणि पोटाचा भाग पिवळा, त्यावर काळे डाग. शंका आली तर फोटो काढा आणि कासव त्याच जागी पाण्यात सोडा.